आधी बघू या

आमच्या घरात मिठाचे तीन डबे असत. एक रोजच्या बारीक मिठाचा, दुसरा लोणच्या-पापडांच्या खडे मिठाचा आणि तिसरा, झाकण चेपलेला पत्र्याचा डबा अण्णांचा. तिसऱ्यातलं मीठही त्याच वाण्याकडून, त्याच पोत्यातून आलेलं असे; पण आई त्याला हात लावत नसे. "तुमच्या उद्योगांचं मीठ माझ्या आमटीत नको," हे तिचं ठरलेलं वाक्य. अण्णा माघात गेले. वैशाखात कैऱ्या आल्या तेव्हा आईने तो डबा खाली काढला आणि त्यातलं सगळं मीठ लोणच्याला घातलं. "वाया कशाला घालवायचं," एवढंच म्हणाली, डबा घासला आणि उन्हात उपडा घातला. आमच्यापैकी ज्याचं रडायचं राहिलं होतं, तो त्या दिवशी रडला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वाईच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं, बाटल्यांना चिठ्ठ्या डकवणं, बाक पुसणं हे त्यांचं काम. प्रयोग शिक्षक दाखवत. अण्णा मागे कपाटाला टेकून उभे असत. कधी प्रयोग फसे. मुलं हसत, शिक्षक फळ्याकडे वळून काय व्हायला हवं होतं ते लिहीत, आणि तास संपे. अण्णांना मात्र त्या फसलेल्या प्रयोगाचीच ओढ. तो डोक्यात घेऊन ते घरी येत, सायकल भिंतीला लावत आणि चहा घेता घेता आईला विचारत, "अगं, ती काचेची उभी बरणी रिकामी आहे का?" आई म्हणे, "नाही." ती रिकामी असली तरी नाहीच म्हणे. मग थोड्या वेळाने बरणी ओट्यावर आलेली असे.

त्यांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी मरेपर्यंत पाळला: जे खायचं नाही ते ओट्यावर यायचं नाही. मोरचूद, आम्लं, पाऱ्याची वस्तू, यांतलं काही शाळेच्या कपाटाबाहेर पडलं नाही. घरातली त्यांची रसायनं म्हणजे मीठ, साखर, लिंबू, हळद, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. तुरटी, चुना आणि साबण यांची जागा परसात, धुण्याच्या दगडाजवळ. अंडं तर आईच्या हद्दीत येणं शक्यच नव्हतं. ते त्याच दगडावर, बरणीभर व्हिनेगरमध्ये दोन दिवस बसे. कवचावर बुडबुडे धरत, कवच विरघळून जाई आणि खाली उरे ते नुसत्या पडद्यातलं मऊ, अर्धपारदर्शक अंडं. आम्ही ते तळहातावर घेऊन एकमेकांना घाबरवत असू. आत ओट्यावर आई ढोकळ्याच्या पिठात सोडा घालून लिंबू पिळत असे आणि पीठ फसफसून वर येत असे. अण्णा दारात उभे राहून म्हणत, "बाहेर चाललंय तेच आत चाललंय." आई म्हणे, "आत जे चाललंय ते खायचं आहे." दोन्हीकडे निघणारा वायू एकच, कार्बन डायऑक्साइड, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर आम्ही सोड्याची बाटली आणि तिच्या तोंडावर चढवलेला फुगा यांच्याशी खेळून घेतलं होतं.

हळदीचं प्रकरण तर आमच्या घरात वर्षभर चाले. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक असतं. अण्णांनी त्याचा कागद केला. टीपकागदाला हळदीचं पाणी लावायचं, सावलीत वाळवायचं आणि पट्ट्या कापायच्या. मग आम्ही सगळं घर तपासत सुटायचो. लिंबाने काही होत नाही, ताकाने नाही, चिंचेने नाही. साबणाने होतं, चुन्याच्या निवळीने होतं, राखेच्या पाण्यानेही होतं. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं की ती पुन्हा पिवळी. जास्वंदीच्या फुलांचा अर्क काढला तर उलट गंमत: लिंबाने तो गडद गुलाबी होतो आणि साबणाने हिरवा. हळद आम्लाला ओळखत नाही, जास्वंद दोघांनाही ओळखते. आम्लारी हा शब्द मला शाळेत पाठ करावा लागला नाही. शिकवला गेला त्या दिवशी तो फक्त आधीच घरात असलेल्या गोष्टींना लावायचा होता.

दिवाळीआधी त्याच हळदीच्या कागदांची शुभेच्छापत्रं होत. जाड कागद हळदीने रंगवायचा आणि काडीला कापूस गुंडाळून साबणाच्या पाण्याने त्यावर पणती काढायची, नाव लिहायचं. पिवळ्यावर तांबडी अक्षरं उमटत. मुंबईच्या मामाला आम्ही ती पोस्टाने पाठवत असू. मामाने एकदा ते पत्र खिडकीत लावलं आणि काही दिवसांनी लिहून कळवलं की रंग उडाला, कागद कोरा पडत चालला. अण्णांनी उरलेल्या कागदांतला एक घेतला, अर्ध्या भागावर वही ठेवली आणि उन्हात मांडला. संध्याकाळी वही उचलली तर झाकलेला भाग पिवळाधमक आणि उघडा भाग फिका. आई धुणं वाळत घालत होती. ती मागे न बघता म्हणाली, "एवढ्यासाठी दिवस घालवलात? मला विचारलं असतं. हळदीचा डाग मी नेहमी उन्हातच टाकते." अण्णा पोटभर हसले. ते हसणं हरल्याचं नव्हतं, जोडीदार सापडल्याचं होतं. पण हे मला तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला वाटे, अण्णा प्रयोग करतात आणि आई फक्त स्वयंपाक.

एक प्रयोग मात्र मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिला, कारण अण्णा तो पुन्हा पुन्हा करायला लावत. ताटलीत थोडं पाणी, मधे मेणबत्ती, वर उपडा पेला. ज्योत बारीक होते, विझते आणि पाणी पेल्यात वर चढतं. याचं उत्तर तेव्हा सगळ्यांना पाठ असे: हवेतला ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. ऑक्सिजन हवेत साधारण २१ टक्के, म्हणून पाणी पेल्याच्या पाचव्या हिश्शाएवढं चढतं. मी हे उत्तर फडाफडा दिलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "पाणी कधी चढलं?" मला सांगता येईना. "मग आधी बघू या."

पुन्हा मेणबत्ती लावली. ज्योत जळत होती तोवर पाणी जवळजवळ हललंच नाही. उलट पेला ठेवताना काठाखालून दोन-चार बुडबुडे बाहेर पडले. पाणी चढलं ते ज्योत विझल्यावर, आणि भराभर चढलं. ऑक्सिजन हळूहळू संपत होता तर पाणीही हळूहळू चढायला हवं होतं. मग अण्णांनी त्याच पेल्याखाली दोन मेणबत्त्या लावल्या, मग तीन. पेला तोच, आतली हवा तेवढीच, तरी पाणी जास्त चढलं. दादा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलंच नाही. कोपऱ्यात चहाची बशी कपावर चिकटून बसली होती, ती दाखवली आणि झोपायला गेले. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत लोटतो, हे आम्ही जुळवलं त्याला बराच काळ गेला. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलं लिहा, मार्क पुस्तकाला आहेत. पण बघितलं ते विसरू नका."

अण्णांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. वाचन मात्र भरपूर. वाई हे मराठी विश्वकोशाचं गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली पहिला खंड निघाला, त्याचं आमच्या गावाला केवढं अप्रूप. अण्णा ग्रंथालयात जाऊन ते जाड खंड मांडीवर घेऊन बसत. त्यांना फार आवडलेला माणूस म्हणजे मायकेल फॅरेडे. १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरेडेने मुलांसमोर एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, ही गोष्ट ते आम्हाला ऐकवत. पण त्यात त्यांचा जीव होता तो दुसऱ्याच एका तपशिलात. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला फॅरेडे १८१३ मध्ये त्या संस्थेत शिरला तो प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून. "बाटल्या धुतच आत गेला," अण्णा म्हणत. एवढं म्हणून ते पुढे काही बोलत नसत.

अरविंद गुप्तांची ओळख त्यांना उशिरा झाली. टेल्कोतला हा अभियंता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि खेड्यातल्या मुलांसाठी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांतून आकार घडवू लागला. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अण्णांनी त्यांच्या काड्यांचे आकार कुठेतरी पाहिले आणि त्याच संध्याकाळी सायकलवाल्याकडून वीतभर व्हॉल्व्हट्यूब आणली. चार काड्यांचा चौकोन आम्ही बोटाने ढकलला तर तो कलंडला. तीन काड्यांचा त्रिकोण ढकलला तर हटेना. अण्णा छताच्या कैच्यांकडे बघत म्हणाले, "आता वर बघा." आम्ही वर बघितलं. इतकी वर्षं त्या घरात झोपत होतो. कैच्या त्रिकोणीच का असतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

मे महिन्यात मुंबईची, पुण्याची भावंडं येत आणि आइस्क्रीमचा पॉट माळ्यावरून उतरे. बाहेर लाकडी बादली, आत पत्र्याचं भांडं, वर दांडा. दूध आई आदल्या रात्री आटवून ठेवी. आंब्याचा रस त्यात ऐन वेळी. बर्फ कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून, भुशासकट येई. तो फोडून बादलीत भरायचा आणि थरावर थर अण्णांच्या डब्यातलं मीठ. दांडा फिरवायला सगळ्यांचे हात लागत. सुरुवातीला सगळे "मी, मी" करत, आणि दांडा जड व्हायला लागला की एकेक जण पाणी प्यायला जाई.

अण्णा तेवढ्यात दोन वाट्या मांडत. एकीत नुसता फोडलेला बर्फ, दुसरीत मीठ कालवलेला. दोन्हींत तापमापी घालायची. नुसत्या बर्फात आकडा शून्याशी थांबे. मिठाच्या बर्फात तो खाली, आणखी खाली, उणे दहाच्याही पलीकडे जाई. नीट प्रमाण साधलं तर मीठ-बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. पण मुलांना खरा बुचकळ्यात टाकणारा भाग वेगळाच होता: मिठाचा बर्फ भराभर वितळत होता आणि तरी जास्त थंड होत होता. वितळणं म्हणजे गरम होणं, असं आमचं पक्कं मत. वितळायला लागणारी उष्णता तो बर्फ दुधातून ओढून घेतो आणि म्हणून दूध गोठतं, हे अण्णांनी सांगितलं नाही. त्यांनी आम्हाला त्या वाटीला बोट लावायला सांगितलं. मग कुणीतरी म्हणालं, "माझ्या बोटातली गरमी घेतोय तो." अण्णा म्हणाले, "आता खा."

त्यांच्या बहुतेक प्रयोगांचा शेवट असा ताटलीत किंवा खिळ्यावर होई. खायचं नाहीतर टांगायचं. ग्लासात दोरा सोडून वाढवलेली खडीसाखर खाल्ली जाई. तुरटीचे अष्टफलकी खडे दोऱ्यात ओवून खिडकीला टांगले जात. खडीसाखरेचा गुळगुळीत खडा बाजारातही मिळतो, पण आपण रोज सकाळी उठून ज्याची वाढ बघितली तो खडा चघळताना मुलं गप्प असतात. उकळत्या पाण्यात साखर मावते ती थंड पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त. पाणी निवत गेलं की ती जास्तीची साखर कुठेतरी बसायला बघते, आणि दोऱ्यावर साखरेचा एखादा कण आधीच चिकटलेला असला तर तिथेच बसते. घाई करून ग्लास हलवला की मोठे खडे न होता तळाशी चुरा पडतो. अण्णा तो ग्लास फडताळात अशा उंचीवर ठेवत की दिसावा, पण हात पोचू नये.

टांगायच्या वस्तूंत मुख्य म्हणजे आकाशकंदील. बुरूड आळीतून कामट्या आणायच्या, पाण्यात भिजवायच्या, दोऱ्याने सांधे बांधायचे. चिकटवायला खळ आई करी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा आणि मगच विस्तवावर ठेवायचा. उलट केलं तर गाठी. दादाने एकदा उलट करून पाहिलं, कारण अण्णांनी करू दिलं. त्या गाठी फोडून बघितल्या तर आत पीठ कोरडं: गरम पाणी लागताच बाहेरच्या पिठाचा स्टार्च फुगून चिकट होतो आणि आत पाणी जाऊच देत नाही. तेव्हापासून पिठल्यात गाठ आली की आमच्याकडे कोणी नाक मुरडत नसे. काय झालं ते सगळ्यांना माहीत असे.

अण्णांचा कंदील फिरता असे. बाहेर पतंगी कागद, आत कागदी नळकांडं, त्यावर कापलेली चित्रं: घोडेस्वार, उंट, बैलगाडी. नळकांड्याच्या माथ्यावर पात्यांचं चक्र आणि ते सगळं एका शिवणाच्या सुईवर टिचबटणाच्या खळग्यात तोललेलं. खाली पिवळा बल्ब. बल्बने तापलेली हवा वर चढे, पाती फिरवत जाई आणि अंगणाच्या भिंतीवर घोडेस्वारांच्या सावल्या धावू लागत. गल्लीतली मुलं बघायला येत. अण्णा त्यांना एकच प्रश्न विचारत, "आत मोटर आहे का?" आणि मुलं आपापली उत्तरं देत असताना ते दाराच्या पायरीवर बसून आईने आणून दिलेला चिवडा खात.

संक्रांत आली की मात्र ओटा पूर्णपणे आईचा. पौषाच्या थंडीत ती शेगडी पेटवून अंगणात बसे आणि काटेरी हलवा करी. खसखस, तीळ, साबुदाणा, काय असेल ते परातीत घ्यायचं. साखरेचा पाक करायचा. त्यात दूध घालून मळी काढायची म्हणजे पाक स्वच्छ होतो. मंद निखाऱ्यावरच्या परातीत चमचाभर, कधी थेंबभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं, पाक पूर्ण वाळेपर्यंत. मग पुन्हा थेंबभर. असं दिवस दिवस. विस्तव जास्त झाला तर रंग बिघडतो, पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो, हात जोरात चालला तर काटा मोडतो. काटा येतो तो सावकाशीने: प्रत्येक थेंबातलं पाणी उडतं, साखर आधीच्या कणांवर जाऊन बसते आणि वाढत जाते. म्हणजे ग्लासातली खडीसाखर आणि परातीतला हलवा, दोन्ही एकाच घरातली. अण्णा जवळ पाटावर बसून बघत. तिथे ते कधी प्रश्न विचारत नसत. मी त्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "तिच्या बोटांना माहीत आहे ते मला माहीत नाही. बघू दे."

शेवटच्या वर्षी अण्णांच्या उजव्या हातातली ताकद गेली. पेला उचलताना पाणी सांडे, म्हणून ते पेला उचलेनासे झाले. सुट्टीत माझी मुलगी आली की तिला शेजारी बसवून ते तोंडाने सांगत आणि ती करी. प्रयोग तसे छोटेच होत. लिंबाच्या रसाने कागदावर लिहायचं आणि बल्बजवळ धरून अक्षरं तपकिरी होताना बघायची. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवायचं, तेही एव्हाना आईने ओट्यावर येऊ दिलं होतं. संक्रांत होऊन गेली आणि माघात एका पहाटे ते गेले. त्या वर्षी सण नव्हते. कंदील माळ्यावरच राहिला आणि पौषात शेगडी पेटली नाही.

वर्षश्राद्धानंतरच्या दिवाळीत दादाने कंदील काढला. सांधे आवळले, कागद नवे लावले, सुईला तेलाचा थेंब दिला. बल्ब लावला आणि आम्ही सगळे अंगणात जाऊन उभे राहिलो. घोडेस्वार हलेनात. माझ्या मुलीने विचारलं, "मामा, हा फिरत का नाही?" दादा विजेच्या कामातला इंजिनिअर. तो लगेच म्हणाला, "एलईडी आहे ना. पूर्वीचा बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त द्यायचा, त्याने हवा तापायची. हा तेवढा तापत नाही." उत्तर अगदी बरोबर होतं. मुलगी "अच्छा" म्हणाली आणि आत निघून गेली. मला तेव्हा अण्णा गेल्याचं जेवढं जाणवलं, तेवढं तेराव्यालाही जाणवलं नव्हतं. ते असते तर त्या एका प्रश्नावर आमची सगळी संध्याकाळ गेली असती. मुलीने बल्बजवळ हात धरून पाहिला असता, सुई बदलून पाहिली असती, पाती मोठी कापली असती, खाली पणती ठेवू का म्हणून विचारलं असतं, आणि कागद पेटेल म्हणून आई ओरडली असती. माझे वडील गेले म्हणजे काय गेलं, हे मला त्या न फिरणाऱ्या कंदिलाखाली कळलं. माहिती कुठेच गेलेली नाही. ती दादाकडे आहे, पुस्तकात आहे, प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. उत्तर ठाऊक असूनही ते दाबून ठेवणारा माणूस तेवढा गेला.

त्या दिवाळीनंतरच्या पौषात दादाच्या बाळाची पहिली संक्रांत होती. बोरन्हाण करायचं, हलव्याचे दागिने घालायचे. दागिने हल्ली तयार मिळतात. आईने ऐकलं नाही. तिने शेगडी पेटवली आणि माझ्या मुलीला समोर बसवलं. थोड्या वेळाने मुलीने विचारलं, "आजी, याला काटे का येतात?" आई म्हणाली, "आधी हात चालव." दुसरं काही नाही. मुलगी कंटाळेल, उठेल, फोन काढेल असं मला वाटलं. ती बसून राहिली, कारण तिला उत्तर मिळालं नव्हतं. दुपारपर्यंत तिचं तिनेच सांगितलं की जास्त पाक पडला की काटे बुजतात, थेंबभर पडला की वाढतात. दुसऱ्या दिवशी तिने एक दाणा भिंगाखाली धरला. आईने मान वर केली नाही. पण पाक सोडायचा चमचा तिने मुलीच्या हातात दिला, आणि तो ती सहसा कोणाला देत नाही. माझ्या लहानपणी मी दोघांची कामं वेगळी समजत होते. घाई न करणं हे दोघांचंही एकच काम होतं.

दागिने दोघींनी मिळून केले. पुठ्ठ्यावर सोनेरी कागद, त्यावर दोऱ्यात ओवलेला हलवा. मुकुट, बाजूबंद, गळ्यातला हार. काळ्या झबल्यावर पांढरे काटेरी दाणे. बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतला तेव्हा गल्लीतली मुलं वेचायला धावली आणि दागिन्यातले निम्मे दाणे बाळाने तिथेच चाटून संपवले.

आता मुलांसाठी विज्ञानाची तयार खोकी मिळतात. त्यांत पूड मोजून पुड्यांत भरलेली असते, सूचना छापलेल्या असतात आणि प्रयोग बहुधा पहिल्याच फटक्यात साधतो. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ज्यांच्या घरी कोणी नसतं त्यांना त्यांचा आधार असतो. पण हळद, लिंबू, सोडा, मीठ, साखर आणि एक मेणबत्ती एवढं आपल्या प्रत्येकाच्या घरात आज या घटकेला आहे. महाग आहे ती शेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसाची संध्याकाळ. मूल विस्तवाजवळ असेल तेव्हा त्याच्या शेजारी मोठं माणूस हवंच. ते तिथे असतंच, तर त्याने आणखी एक करावं: प्रश्न आल्यावर थोडा वेळ गप्प बसावं. ओटा चिकट होईल, दोन भांडी जास्त घासावी लागतील, पहिला घाणा बिघडेल. होऊ द्या. येत्या रविवारी ताटलीत पाणी घ्या, मेणबत्ती लावा, तिच्यावर पेला उपडा घाला, आणि मुलाने "असं का झालं?" विचारलं की तुम्हाला येत असलेलं उत्तर लगेच देऊ नका.